ग्राझचं बोलावणं

"बाबा, तुम्ही काही करायचं नाही. फक्त संध्याकाळपर्यंत त्याला इथे बसवून ठेवायचं," विश्वास म्हणाला.

रघुवीरांनी चष्मा काढून समोरच्या कागदांवर ठेवला. सिंगापूरमधली रविवारची सकाळ होती. खाली इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर, व्हॉइड डेकवर कुठल्याशा मलय लग्नाची तयारी चालली होती, टेबलं ओढल्याचे आवाज वरपर्यंत येत होते. स्वयंपाकघरात सुलभाताई सुरमईच्या तुकड्यांना हळद-मीठ चोळत होत्या. टेक्काच्या बाजारातून त्यांनी ती स्वतः निवडून आणली होती, गुरूला आवडते म्हणून. त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून विश्वास आवाज खाली ठेवून बोलत होता.

"आणि तन्वी?"

"अनघा तिला घेऊन चांगीला जाईल. संध्याकाळचं मुंबईचं विमान आहे. तिथून पुण्याला, अनघाच्या बहिणीकडे. शाळेचं बोलणं झालंय. जानेवारीत ती तिकडे सुरू करेल."

"पोरीला माहीत आहे?"

"सुट्टीला चाललोय, एवढं सांगितलंय."

रघुवीर मुलाकडे बघत राहिले. विश्वास रात्रभर झोपला नसावा. पन्नाशीला आलेला, बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात शंभर माणसं हाताखाली असलेला हा माणूस बापासमोर खुर्चीच्या कडेवर बसला होता.

"मी गुरूला शब्द दिलाय, विश्वास. तन्वी इथे असेल असं सांगितलंय. आणि ती त्याच्याबरोबर जायचं म्हणाली तर कोणी अडवणार नाही, असंही सांगितलंय."

"माहितीये. म्हणून तर तो येतोय."

बोलून गेल्यावर विश्वासनं मान खाली घातली.

गुरुप्रसाद हा रघुवीरांच्या धाकट्या भावाचा मुलगा. आईवडील गेल्यावर तो याच कुटुंबात वाढला, काकांच्या पावलावर पाऊल टाकून मरीन इंजिनिअर झाला. रघुवीर चीफ इंजिनिअर असताना त्यांच्याच जहाजावर तो फोर्थ इंजिनिअर होता. इंजिनरूमला आग लागली तेव्हा धुरात कोसळलेल्या काकांना त्यानं ओढत शिडीपर्यंत आणलं होतं. पुढे त्याची बायको चैत्राली आजारात गेली. तन्वी तेव्हा चार वर्षांची होती. जहाजावर जाणाऱ्या बापानं चार वर्षांची मुलगी कुठे ठेवायची? विश्वास आणि अनघानं तिला घरी नेलं. त्यांना मूल नव्हतं. आता आठ वर्षं झाली होती.

या वर्षी गुरूनं समुद्र सोडला. सिंगापूरमध्येच किनाऱ्यावरची नोकरी घेतली, पुंगोलला फ्लॅट भाड्यानं घेतला आणि मुलगी मागितली. विश्वास म्हणाला, सहावीची परीक्षा होऊ दे. परीक्षा झाल्यावर म्हणाला, निकाल लागू दे. मग एका शुक्रवारी गुरूनं तन्वीला शाळेच्या दारातूनच पुंगोलला नेलं, कोणाला न कळवता. अनघानं घाबरून पोलिसांना फोन केला. दारात पोलीस बघून तन्वी रडली, आणि तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

ते सुरू व्हावं म्हणून तर आजचं जेवण होतं.

"तुमचं ते पुस्तक वाचून दाखवा त्याला," विश्वास उठता उठता म्हणाला. "तो तुमचं ऐकत बसतो. बाबा, ती गेली तर अनघा राहणार नाही. मी पण नाही. एवढंच लक्षात ठेवा."

रघुवीरांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

*

पुंगोलहून निघताना गुरुप्रसादनं दोनदा शर्ट बदलला होता. एलआरटीच्या छोट्याशा ट्रेनच्या डब्यात आजूबाजूला स्ट्रोलर आणि चिमुरडी पोरं, आणि मध्ये हा दांडगा माणूस हातात केकचा खोका सांभाळत उभा. मागच्या वेळी तन्वीला तो याच गाडीनं घेऊन गेला होता. तेव्हा ती खिडकीला नाक लावून म्हणाली होती, "बाबा, ही ट्रेन तर खेळण्यातली वाटते." रात्री पोलीस आले आणि ते सगळं मोडून गेलं. त्याच्या मनाला एकच गोष्ट लागून राहिली होती. पोलीस बाईनं तन्वीला विचारलं होतं, "आर यू ओके? डू यू नो धिस मॅन?"

काकांचा फोन आला नसता तर तो आला नसता.

दार सुलभाकाकूंनी उघडलं. त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "वाळलास रे. तिथे एकटा काय खातोस?"

"हॉकर सेंटर आहे ना खाली. काकू, तन्वी?"

उत्तर विश्वासनं दिलं. "अनघाबरोबर ऑर्चर्डला गेलीये. मैत्रिणीचा वाढदिवस आहे. येतील चारपर्यंत."

"अगंबाई, मला कुठे बोलली अनघा?" सुलभाताई म्हणाल्या. "मी सगळ्यांचं केलंय."

गुरूनं काकांकडे पाहिलं. काका टेबलावरचं पाण्याचं भांडं सरळ करत होते. म्हातारा झाला माणूस, त्याच्या मनात आलं, आणि त्या विचारासरशी त्याचा सगळा संशय विरघळला. काकांनी बोलावलंय म्हणजे ती येईल.

जेवताना कोणी फार बोललं नाही. सुरमई कुरकुरीत झाली होती, सोलकढीला लसूण जरा पुढे होती. गुरूनं दोन वेळा भात घेतला. विश्वास विचारत होता, नव्या ऑफिसात कसं काय, डॉकयार्डला रोज जावं लागतं का. गुरू उत्तरं देत होता. दोघं शेजारी शेजारी बसून वाढलेले, एकाच स्कूटरवरून कॉलेजला गेलेले भाऊ, आणि आता एकमेकांशी मुलाखत दिल्यासारखे बोलत होते.

हात धुऊन झाल्यावर गुरूनं घड्याळाकडे पाहिलं. ते विश्वासनं पाहिलं.

"बाबा, गुरूला तुमचा बाउमकिर्खर ऐकवा ना. शेवटाकडे आलाय म्हणत होतात."

*

रघुवीरांना हा माणूस भेटला तो एका मोडक्या इंजिनामुळे. जहाज दुरुस्तीसाठी स्लोव्हेनियातल्या कोपरच्या बंदरात अडकलं होतं. रिकामा वेळ होता म्हणून ते बसनं आत विपावा नावाच्या गावात गेले. तिथे एका म्हाताऱ्या शिक्षकानं त्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की सहाशे वर्षांपूर्वी या गावात आन्द्रेआस बाउमकिर्खर नावाचा एक धिप्पाड पोरगा जन्मला, ऑस्ट्रियाच्या फ्रीडरिख सम्राटाचा सेनापती झाला, आणि त्याच सम्राटानं त्याचं डोकं उडवलं. बस. निवृत्त झाल्यावर रघुवीरांनी जर्मन शिकायला घेतलं. घरच्यांनी आधी थट्टा केली, मग सवय करून घेतली. मराठीत त्याचं चरित्र लिहायचं हा त्यांचा म्हातारपणचा उद्योग होता.

आज कागद समोर असूनही त्यांनी वाचलं नाही. ते सांगू लागले.

"चौदाशे बावन्न साल. फ्रीडरिख रोमहून सम्राटपदाचा मुकुट घालून आला तो थेट संकटात. त्याचेच सरदार उठले होते. त्यांना एक मुलगा हवा होता. लाडिस्लाउस. बारा वर्षांचा. बाप जन्माआधीच गेलेला, आईही गेलेली, आणि तीन राज्यांचा वारस. फ्रीडरिख त्याचा पालक. सरदार म्हणत होते, मुलगा आमच्या हवाली कर. फ्रीडरिख म्हणे, करीन. आत्ता नाही, पुढे बघू."

विश्वासनं मान वर केली. बाबा हे मुद्दाम सांगतायत का? पण बाबा त्याच्याकडे बघतही नव्हते.

"सरदारांनी वीनर नॉयश्टाट शहराला वेढा घातला. सम्राट आत. वेशीबाहेर लढाई झाली, सम्राटाची माणसं हटत हटत दारातून आत पळू लागली आणि शत्रू त्यांच्या पाठोपाठ. दार लावायला सवड हवी होती. तेव्हा हा बाउमकिर्खर उलटा फिरला. दारात उभा राहिला. वार खात राहिला, मारत राहिला, सगळे आत जाईपर्यंत. मग दार लागलं आणि शहर वाचलं."

"काकांना यात मी दिसतो," गुरू हसून काकूंना म्हणाला. "शिपवरची आग. मागे एकदा म्हणाले होते."

"मग? खोटं आहे का?"

"काकू, मी कुठलं दारबीर अडवलं नाही. मागचा रस्ता बंद होता, पुढे जायचं तर काका वाटेत पडलेले. त्यांना उचलल्याशिवाय मलाच बाहेर पडता आलं नसतं."

सुलभाताई हसल्या. रघुवीरही किंचित हसले. विश्वासला मात्र हसू आलं नाही. बाबा आगीतून वाचले ती बातमी त्याला पुढच्या शिक्षणासाठी पुण्याच्या होस्टेलवर असताना फोनवरून कळली होती. फोन ठेवून तो जिन्यात बसून रडला होता आणि गुरूचे पाय धरावेत असं त्याला वाटलं होतं. पुढे चैत्राली गेली तेव्हा तो स्वतःहून म्हणाला होता, तन्वीची काळजी सोड, ती आमची. त्या वेळी त्यात हिशेब नव्हता, फक्त प्रेम होतं. मग तिनं पहिल्यांदा त्याचा हात सोडून ईस्ट कोस्टला सायकल चालवली. मग ती तापात अनघाला हाका मारू लागली. ती आमची, हे वाक्य कधी बदललं ते त्याला कळलंच नव्हतं.

मांडीवरचा फोन थरथरला. अनघाचा मेसेज होता. टॅक्सीत बसलो.

"आणि त्या पोराचं काय झालं हो?" सुलभाताईंनी विचारलं.

"कुठल्या?"

"तो लाडिस्लाउस. ज्याच्यावरून एवढी मारामारी झाली."

"सम्राटाला द्यावा लागला शेवटी. पुढे प्रागला वारला, सतराव्या वर्षी."

"अरे देवा. त्याला कोणी विचारलं होतं, तुला कुठे राहायचंय म्हणून?"

रघुवीरांनी थोडा विचार केला. "माझ्या वाचनात आलं नाही."

मग गुरू म्हणाला, "पुढे, काका?"

"पुढे दहा वर्षांनी सम्राट पुन्हा अडकला. या वेळी व्हिएन्नात, स्वतःच्या वाड्यात, बायको आणि तीन वर्षांच्या मुलासकट. वेढा घालणाऱ्यांत त्याचा सख्खा भाऊ होता. तेव्हाही धावला तो हाच. बोहेमियाच्या राजाची फौज मदतीला आणण्यात त्याचा हात होता. सम्राट सुटला. बाउमकिर्खरला मोठा मान मिळाला, पदव्या मिळाल्या. पण सैन्य त्यानं स्वतःच्या पदरचं घालून पोसलं होतं, आणि तो पैसा परत देण्याचं जे वचन होतं ते पुढे ढकललं गेलं. या वर्षी नाही, पुढच्या वर्षी. मग आणखी पुढच्या."

"मग?"

"मग त्यानं बंड केलं. एका हिवाळ्यात सम्राटाची चांगली पाचसहा गावं घेतली. फ्युर्स्टनफेल्डला सम्राटाच्या फौजेला लढाईत हरवलं."

"गावं घेतली म्हणजे लुटली असतील," गुरू म्हणाला.

"लुटली. तिथल्या लोकांचे फार हाल झाले."

"म्हणजे त्याचाही राग निष्पाप माणसांवर निघाला." गुरूचा आवाज खाली गेला. "दादा, त्या शुक्रवारी मी वहिनींना फोन करायला हवा होता. त्या बिचाऱ्या शाळेच्या दारात उभ्या होत्या. तन्वी आली की हे मी त्यांना सांगणार आहे. म्हणूनही आलो आज."

विश्वासनं मांडीवरचा फोन उलटा केला. "हं," तो म्हणाला.

रघुवीरांनी हे ऐकलं आणि त्यांचं लक्ष कागदांवरून उडालं. समोर त्यांचा पुतण्या बसला होता, जेवून निवांत, पाय लांब करून. तो दाराकडे बघतही नव्हता. काकांच्या घरात होता तो.

"नंतर तह झाला," ते सावकाश म्हणाले. "तोही पाळला गेला नाही. मग चौदाशे एकाहत्तरच्या एप्रिलमध्ये सम्राटानं त्याला ग्राझला बोलावलं. बोलणी करू, म्हणाला. अभय दिलं. केसाला धक्का लागणार नाही असा शब्द. बाउमकिर्खर गेला. का गेला असेल, हेच मला आजवर लिहिता आलं नव्हतं. एवढा लढलेला, एवढा फसलेला माणूस, बोलावलं की जातो कसा?"

"माणूस थकतो, काका," गुरू म्हणाला. "त्याला वाटलं असेल, मिटतंय तर मिटू दे."

"तिथले लोक एक गोष्ट सांगतात. कागदोपत्री तिला आधार नाही, पण सांगतात. अभय संध्याकाळच्या घंटेपर्यंत होतं. त्याला बोलण्यात गुंतवून ठेवलं. हे बोला, ते बोला, थोडं थांबा. उशीर झाला म्हणून तो घोड्यावर बसून निघाला तेव्हा घंटा वाजली. पुढचा दरवाजा लागला. मागचाही लागला. दोन दरवाजांच्या मध्ये..."

ते थांबले.

"बाबा," विश्वास म्हणाला.

"दोन दरवाजांच्या मध्ये त्याला धरला आणि तिथेच मारला." रघुवीरांनी दोन्ही हात टेबलावर पसरून ठेवले, जणू टेबल हलत होतं. "मी इतकी वर्षं त्याच्या बाजूनं लिहीत होतो. त्याला बोलण्यात गुंतवणारा कोण होता, त्याचं नाव मी शोधलंच नाही. गुरू, तन्वी ऑर्चर्डला नाही. ती चांगीला आहे. तिला पुण्याला पाठवतायत, कायमची. मला सकाळी कळलं. कळूनही मी तुला जेवू घातलं."

*

गुरू ओरडला नाही. तो उभा राहिला आणि क्षणभर आपली चप्पल कुठे काढली हे त्याला आठवेना.

"विमान किती वाजता?"

"संध्याकाळी. अजून वेळ आहे," रघुवीर म्हणाले.

विश्वास त्याच्या आधी दाराशी पोचला होता. "गुरू, ऐक. आधी ऐकून घे."

"बोल."

"आठ वर्षं. तिचे दात पडले, आले. तिला पोहायला शिकवलं. तू वर्षातून दोनदा बॅग घेऊन यायचास, चॉकलेटं आणायचास. आता अचानक तू येऊन म्हणतोस, दे."

"अचानक नाही, दादा. पहिल्या दिवसापासून मी म्हणत होतो, किनाऱ्यावर आलो की घेऊन जाईन. तू दर वेळी हो म्हणालास."

"तिला तुझ्या घरी कोण आहे? तू डॉकयार्डला गेलास की ती एकटी त्या फ्लॅटमध्ये..."

"मग ये ना तिला बघायला! वहिनींना घेऊन रोज ये. मी कुठे दार लावतोय? दार तू लावतोयस." त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "मला कोर्टात जाता आलं असतं. बाप आहे मी तिचा. नाही गेलो, कारण तिला जजसमोर उभं करून विचारतील, तुला कोण हवं. ते मला नको होतं. आणि तू तिला न सांगता विमानात बसवतोस?"

सुलभाताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, तुम्हाला सकाळपासून ठाऊक होतं. मी मासे तळत होते आणि तुम्ही मीठ चाखून सांगत होतात."

रघुवीर उठले, भिंतीला धरून त्यांनी बुटांत पाय सरकवले. त्यांचे गुडघे आता वाकत नसत, बूट घालायला सुलभाताई मदत करत. आज त्या जागच्या हलल्या नाहीत. गुरूनंच वाकून लेस बांधली. त्याच्या मनगटावरची भाजल्याची सुरकुतलेली कातडी रघुवीरांच्या अगदी डोळ्यांसमोर आली.

"काका, तुम्ही राहा. मी जातो."

"नाही. तू एकटा गेलास तर अनघा घाबरेल. पुन्हा पोलिसांना बोलावेल. मी येतो." ते मुलाकडे वळले. "विश्वास, बाजूला हो."

"बाबा, तुम्ही माझे वडील आहात," विश्वास म्हणाला. हे तो रागानं म्हणाला नाही.

"आहे. म्हणून सकाळी गप्प बसलो. आता बाजूला हो."

विश्वासनं दारावरचा हात काढला आणि तो तिथेच चपलांच्या रॅकवर बसला. लिफ्टचं दार लागताना रघुवीरांनी पाहिलं, सुलभाताई मुलाच्या शेजारी जमिनीवर बसल्या होत्या आणि त्यांचा हात त्याच्या पाठीवर होता.

*

चांगीला अनघा अजून आत गेली नव्हती.

बॅगा काउंटरवर द्यायच्या होत्या. रांगही फार नव्हती. पण ती दोनदा रांगेतून बाहेर आली होती. एकदा पाण्याची बाटली घ्यायला, एकदा उगीचच. आता दोघी बाकावर बसल्या होत्या आणि तन्वी काया टोस्टचा शेवटचा तुकडा खात होती.

"काकू, तू माझी स्विमिंगची मेडल्स का पॅक केलीस?"

"कुठे?"

"निळ्या बॅगेत. मी इअरफोन शोधत होते ना, तेव्हा बघितली. आणि माझं रिपोर्ट बुक पण. हॉलिडेला कोण रिपोर्ट बुक घेऊन जातं? सो वियर्ड."

अनघानं रुमालानं तिच्या हनुवटीवरचा चुरा पुसला. तन्वीनं मान मागे घेतली.

"आपण परत येणार ना?"

अनघा या प्रश्नासाठी आठवडाभर उत्तर तयार करत होती. मावशीकडे खूप मजा येईल, नवीन शाळेत घोडेस्वारी आहे, काका दर महिन्याला येईल. ते सगळं पाठ होतं. पण ती मुलगी तिच्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ती नजर अनघानं आधी एकदाच पाहिली होती, पोलिसांबरोबर पुंगोलच्या दारात उभी असताना. तिला वाटलं होतं, तन्वी धावत येऊन आपल्याला बिलगेल. ती बिलगली नव्हती. ती दोन्ही बाजूंच्या मोठ्या माणसांकडे अशीच बघत राहिली होती.

"तू नाही येणार," अनघा म्हणाली. "निदान लगेच नाही. तुला तिकडे ठेवायचं ठरलंय."

"कोणी ठरवलं?"

"मी आणि काकानं."

"बाबाला माहितीये?"

"नाही."

तन्वीनं टोस्टचा कागद घडी घालून घालून एवढासा केला. ती रडेल असं अनघाला वाटलं. ती रडली नाही. "दॅट्स सो मीन, काकू," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून उड्डाणांच्या फलकाकडे बघत बसली.

त्याच वेळी फोन वाजला. बाबा, म्हणजे सासरे, टॅक्सीतून बोलत होते. "अनघा, आत गेलात का?"

"नाही. बाहेरच आहोत." तिनं तन्वीकडे पाठ केली. "बाबा, माझ्याच्यानं होत नाहीये. तुम्ही या."

ते आले तेव्हा गुरू पुढे धावला नाही. काकांच्या चालीनं, त्यांचा दंड धरून चालत आला आणि दोन पावलांवर थांबला. सगळी वाट त्यानं मनात जुळवलेली वाक्यं आता निरुपयोगी होती, कारण वहिनी रडत होत्या.

"वहिनी, त्या दिवशी मी फोन केला नाही. चुकलं माझं."

अनघानं पर्समधून तन्वीचा पासपोर्ट काढून त्याच्यापुढे धरला. गुरूनं हात पुढे केला, पण त्याच्या आधी तन्वीनं तो मधल्यामध्ये घेतला आणि आपल्या पाठीवरच्या सॅकमध्ये टाकून चेन लावली.

"हा माझ्याकडे राहणार," ती म्हणाली. "माझा फोटो आहे त्याच्यावर."

मग ती रघुवीरांकडे वळली.

"आजोबा, मला कोणी विचारलंच नाही. तुम्ही पण नाही."

"नाही विचारलं," रघुवीर म्हणाले. "आता विचारतो. काय करायचं?"

तन्वीनं सॅकचे पट्टे घट्ट ओढले. एवढ्या गर्दीत तिचे तिघं मोठे तिच्याभोवती उभे होते आणि ट्रॉल्या त्यांना वळसा घालून जात होत्या.

"शाळा सुरू होईपर्यंत मी बाबाकडे राहते. ट्राय करते. मला नाही आवडलं तर मी सांगीन, आणि बाबानं रागवायचं नाही. आवडलं तर काकूनं रडायचं नाही." तिनं अनघाकडे पाहिलं. "आत्ता रडलीस तर चालेल."

मग तिनं स्वतःच फोन काढून विश्वासला लावला. पलीकडे लगेच उचलला गेला असावा.

"काका? मी पुण्याला नाही चालले. बाबाकडे चाललेय." ती ऐकत राहिली. "हो. हो, मला माहितीये. काका, आधी नाक पूस, मला काही कळत नाहीये... हं. मी खूप चिडलेय तुझ्यावर. मला फोनवर नाही भांडायचं. तू उद्या पुंगोलला ये, मग मी भांडीन. ऑफिस सुटल्यावर ये, लेट नको हां."

गुरूनं निळी बॅग उचलली. मोठी बॅग अनघाची होती, ती रघुवीरांनी आपल्याकडे घेतली. एमआरटी मेट्रोकडे वळायच्या जागी चौघं थांबले. तन्वी अनघाच्या कमरेला मिठी मारून काही वेळ तशीच राहिली, मग सुटून चार पावलं पुढे जाऊन उभी राहिली.

गुरू निघाला आणि पुन्हा मागे आला.

"वहिनी, ती रात्री झोपताना... दिवा लागतो का तिला? मागच्या वेळी मला विचारायचं सुचलं नाही."

अनघानं डोळे पुसले. "दिवा नको. दार थोडं उघडं ठेव, बाहेरचा उजेड आत येईल एवढं. आणि पहाटे एकदा उठते. काही बोलत नाही, नुसती येऊन बघते, आपण आहोत का. तू जागा नसलास तरी चालतं. फक्त तुझ्या खोलीचं दार लावू नकोस."

"नाही लावणार," गुरू म्हणाला.